डीएससीत शिखर बसकं, एफटीआयआरमध्ये शाबूत: आता डिंक बदलायचा का?

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एम.फार्म. करणाऱ्या एका मुलीनं धावड्याच्या डिंकात प्रोप्रॅनोलॉल हायड्रोक्लोराइड या रक्तदाबावरच्या औषधाची 12 तास पुरणारी गोळी करायला घेतली आहे. डिंक बाजारातून आणला, पाण्यात भिजवून फडक्यातून गाळला, अल्कोहोल घालून खाली बसवला, वाळवला, दळला. औषध आणि डिंक सारख्या वजनानं खलात मिसळून नागपूरला तपासायला पाठवले. एफटीआयआरच्या (अवरक्त प्रकाशानं रेणूतले बंध ओळखणाऱ्या यंत्राच्या) आलेखात औषधाची सगळी शिखरं जागच्या जागी आहेत. डीएससीत (भुकटी तापवत ती किती उष्णता घेते ते मोजणाऱ्या यंत्रात) मात्र 163 अंशांपाशी येणारं वितळण्याचं टोकदार शिखर बसकं झालंय, अर्धंही उरलेलं नाही. गाईड म्हणतात, एफटीआयआर चांगला आलाय ना, मग 'नो इंटरॅक्शन' (औषध-डिंकात काही घडत नाही) लिही आणि पुढं चल. सीनियर म्हणते, पॉलिमर, म्हणजे डिंकच, बदल, नाहीतर व्हायव्हात अडकशील. बरोबर कोण?

दोघंही नाहीत. मी 20 वर्षं गोळ्यांच्या कामात काढली आणि आता अशाच एका गावातल्या कॉलेजात शिकवतो. दरवर्षी हा वाद कानावर येतोच. दोन्ही यंत्रांनी तुला कोरड्या भुकटीबद्दल सांगितलंय. औषध आणि डिंक यांचं भांडण होतं ते ओलीत. आधी श्रावणातल्या दमट हवेत स्ट्रिपच्या आत, मग पोटात. तिथं तू अजून पाहिलेलंच नाहीस.

(शिखर म्हणतोय, कारण 'पीक' म्हटलं की आमच्या वर्गातली पोट्टी सोयाबीनकडे वळतात.)

आधी डीएससीचं बघू. त्या टिकलीएवढ्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात 2 ते 5 मिलिग्रॅम भुकटी जाते आणि मिनिटाला 10 अंशांनी तापते. तुझ्या मिश्रणात औषध निम्मंच आहे, म्हणजे शिखराचं क्षेत्रफळ निम्मं होणारच. हे गणित कागदावर मांड, अर्धी काळजी तिथंच मिटेल. दुसरं म्हणजे, डिंकात 10 ते 15 टक्के पाणी सहज असतं. ते 60 ते 120 अंशांच्या पट्ट्यात उडतं, आलेखात रुंद खड्डा पाडतं आणि पुढची सगळी रेघ तिरपी करून ठेवतं. अशा तिरप्या रेघेवर छोटं शिखर आणखीच छोटं दिसतं. वर औषधाचा काही भाग तापता तापता डिंकाच्या अंगात मुरतो, तेवढा वितळायला उरतच नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींत औषधाचा एक रेणूही बिघडलेला नाही. गोळी 163 अंशांवर कुणी ठेवत नाही, चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही. डीएससी सावध करतं, निकाल देत नाही. काही औषधांत तर सावधही करत नाही. डायक्लोफिनॅक सोडियम 280 अंशांच्या आसपास वितळता वितळताच फुटतं आणि डिंकही त्याच सुमारास जळायला लागतो. तिथं आलेखावरून बोलणं म्हणजे दिवाळीच्या रात्री कुठला फटाका कुणाच्या घरचा ते सांगणं.

एफटीआयआरचं उलटं आहे. तिथं चूक भलत्या विश्वासाची होते. डिंक म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. आलेखात 3200 ते 3600 (तरंगसंख्या, प्रति सेंटिमीटर) मध्ये त्याचा भलामोठा ओ-एच बंधांचा डोंगर, 1000 ते 1100 च्या दरम्यान सी-ओचा दुसरा, 1600 आणि 1420 जवळ कार्बोक्झिलेटचे (आम्ल गटांचे) दोन. या डोंगरांच्या सावलीत औषधाचा शेकडा एक भाग बिघडला तरी दिसत नाही. जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगात शेकडा एक कवडी (डागी कापूस) असली तर रस्त्यावरून दिसते का? तसंच. आणि औषधाच्या नियमांत शेकडा एक ही लहान गोष्ट नाही. रोजचा डोस 1 ग्रॅमपर्यंत असलेल्या गोळीत 0.1 टक्क्याच्या वरची बिघाडाची अशुद्धी अहवालात दाखवावी लागते.

आणखी एक. तुझा नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकतीत दाबला होता का, ते लॅबला विचार. हायड्रोक्लोराइड मीठ दाबाखाली ब्रोमाइडशी क्लोराइडची अदलाबदल करू शकतं. मग शिखर जरा सरकलं तर तो डिंकाचा गुण की चकतीचा, हे कळत नाही. एटीआरवर (चकती न करता भुकटी थेट तपासतात त्या पद्धतीनं) घ्यायला सांग, नाहीतर पोटॅशियम क्लोराइड वापरायला सांग.

आता काय करायचं ते. याला महागडं यंत्र लागत नाही. झाकणाच्या काचेच्या वायली (छोट्या बाटल्या), एक ओव्हन आणि शेवटी एचपीएलसीचे (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) दोन दिवस, बस.

1:1 सोड. 1:1 हे डीएससीवाल्यांच्या सोयीचं प्रमाण आहे. तुझ्या गोळीत औषध 80 मिलिग्रॅम आणि डिंक साधारण दुप्पट असेल, तर वायलीतही 80 आणि 160 घे. प्रत्येक वायलीत हे वेगळं तोल, मोठ्या ढिगातून चमच्यानं भरू नकोस. त्यात एकूण वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 24 मायक्रोलिटर पाणी घाल. पाणी घातलं की डिंकाची चिकट गोळी होते आणि काचेच्या काडीला चिकटून औषध बाहेर येतं. म्हणून दोन्ही तोंडं बंद केलेली केशनळी घे, तिनं ढवळ, आणि ती वायलीतच मोडून टाक. टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण घट्ट लाव. 50 अंशांवर 3 आठवडे.

एवढीच वायल ठेवलीस तर काहीच सिद्ध होत नाही. नुसतं औषध, नुसता डिंक आणि मिश्रण, प्रत्येक कोरडं आणि ओलं, प्रत्येकी तीन. झाल्या 18. ओल्या मिश्रणाच्या 3 वायली बनवल्या बनवल्या त्याच दिवशी तपासायच्या, आणि कोरड्या मिश्रणाच्या 3 फ्रिजमध्ये. 24 वायलींचा एक ट्रे. नुसत्या डिंकाची वायल पोरं हमखास वगळतात. 'त्यात औषधच नाही, कशाला ठेवायची?' म्हणतात.

कशाला, ते मी पैसे मोजून शिकलो आहे. एका कंपनीत असताना आम्ही ॲस्पिरिन कुलूच्या डिंकात बसवत होतो. कुलू म्हणजे मेळघाटात पांढऱ्या खोडाचं झाड दिसतं ना, कुणी कांडोळ म्हणतं, कुणी भुत्या. दहाव्या दिवशी वायल उघडली तर व्हिनेगरचा भपकारा. ॲस्पिरिन पाण्यानं फुटलं की सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड होतं, हे पहिल्या वर्षाला पाठ केलेलं. झालं, डिंकाच्या ओलीनं औषध मेलं असं आम्ही लिहून टाकलं आणि दोन आठवडे डिंक वाळवत बसलो. कितीही वाळवा, वास तोच. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका म्हाताऱ्या मदतनीसानं डिंकाचा डबा उघडून नाकाशी धरला आणि माझ्यासमोर ठेवला. वास डब्यातच होता. कुलूच्या साखळ्यांवर ॲसिटिल गट असतात. भुकटी जुनी झाली, उष्णता-दमट लागली की ते सुटतात आणि ॲसिटिक ॲसिड होतं. मग फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून पाहिले. सॅलिसिलिकचा जांभळा रंग मिश्रणात जेवढा, नुसत्या औषधाच्या वायलीतही जवळजवळ तेवढाच. पहिल्या दिवशीच नुसत्या डिंकाची एक वायल ठेवली असती तर ते दोन आठवडे वाचले असते.

कुलूची ही खोड लक्षात ठेव, कारण पुढं कुणी ओमिप्राझोलसारखं आम्लात न टिकणारं औषध त्यात घालायला निघेल.

3 आठवडे झाले की आधी डोळ्यांनी बघ. पांढऱ्या कागदावर, खिडकीपाशी, सकाळी. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि पिवळ्यात फरक कळत नाही. धावड्याचा डिंक मुळातच पिवळसर-तांबूस असतो. म्हणून तुलना नुसत्या डिंकाच्या ओल्या वायलीशी करायची, फ्रिजमधल्या कोरड्या भुकटीशी नाही. मिश्रण त्याहून गडद असेल तर सावध हो. प्रोप्रॅनोलॉलमध्ये दुय्यम अमीन (नायट्रोजनचा एक गट) आहे. फ्लुओक्झेटिनमध्येही दुय्यम अमीनच आहे आणि ते लॅक्टोजच्या क्षपण करणाऱ्या टोकाशी मेलार्ड अभिक्रिया (अमीन आणि साखर यांची, तपकिरी रंग आणणारी) करून बिघडतं, हे चांगलं माहीत आहे. डिंकाच्या लांब साखळीला असं क्षपण करणारं टोक एकच असतं, म्हणून शुद्ध डिंकाची भीती कमी. पण नीट न धुतलेल्या डिंकात सुट्या साखरा आणि तुटक्या साखळ्या राहतात. बेनेडिक्टची चाचणी (क्षपण करणाऱ्या साखरा दाखवणारी) डिंकावर आधीच करून घे, 10 मिनिटांचं काम आहे. डिंकाच्या 1 टक्का द्रावणाचा पीएचही मोजून ठेव. प्रोप्रॅनोलॉल आम्लात बरं टिकतं, अल्कलीत भराभर फुटतं. डिंक धुताना कुणी सोडा वापरला असेल तर इथंच कळेल.

मग मोजणी, आणि इथं खरी मेख आहे.

यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर) 290 नॅनोमीटरला मोजू नकोस. मला माहीत आहे, कॉलेजात यूव्ही आहे आणि एचपीएलसी नाही. पण प्रोप्रॅनोलॉलच्या रेणूत प्रकाश शोषतं ते नॅफ्थॅलिनचं जोडकडं, आणि बिघाड बहुतेकदा बाजूच्या शेपटीत होतो. शेपटी तुटली तरी कडं तसंच राहतं आणि यूव्ही 99 टक्के दाखवून मोकळं होतं. तुझ्या गाईडच्या मागच्या प्रबंधांमधले '98.7 टक्के, 99.2 टक्के' हे आकडे मी बघितलेले नाहीत, पण ते कसे आले असतील ते मला माहीत आहे.

एचपीएलसीला जाण्याआधी औषध डिंकातून बाहेर काढणं हे अर्धं काम आहे. वायलीतला थोडासा गोळा खरवडून तोलायचा नाही. औषध त्यात सारखं पसरलेलं नसतं. पूर्ण वायल रिकामी करायची, झाकण आणि केशनळीचे तुकडेसुद्धा धुऊन घ्यायचे. बरेच जण थेट मिथेनॉल ओततात. मिथेनॉलनं डिंक क्षणात आकसतो आणि औषध आत कोंडून बसतो. उत्तर येतं 91 टक्के, आणि मुलगी रडत येते की 9 टक्के औषध बिघडलं. बिघडलं नाही बाई, आत अडकलंय. आधी 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर हलवत ठेव, डिंक पूर्ण फुगून सैल होऊ दे, मग मिथेनॉल घालून डिंक खाली बसव, 100 मिलिलिटर कर, 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढ. त्यातले 5 मिलिलिटर 50 ला नेलेस की 80 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर येतं. ही पद्धत खरी की खोटी ते 'त्याच दिवशी तपासायच्या' त्या 3 वायली सांगतात. त्यांत औषधाला बिघडायला वेळच मिळालेला नाही. तिथंही 91 आलं तर दोष काढण्याच्या पद्धतीत. तिथं 99 ते 100 आलं आणि 3 आठवड्यांच्या वायलीत 94, तर मग बिघाड खरा. सोबत नवी शिखरं दिसायला हवीत. गेलेलं औषध कुठंतरी दिसलं पाहिजे, हवेत जात नाही. आणि गाळणी नीट लाव. डिंकाचं द्रावण कॉलममध्ये गेलं की कॉलम तुंबतो आणि नागपूरचा लॅबवाला पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

समज, ओल्या मिश्रणात 2-3 टक्के घट आली आणि नुसत्या ओल्या औषधात आली नाही. तरी डिंक लगेच फेकू नकोस. 50 अंश आणि 10 टक्के पाणी हा मुद्दाम केलेला छळ आहे. गोळी करून, 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवून बघ. नियमांप्रमाणे त्याला 6 महिने लागतात, पण पहिल्या 3 महिन्यांत वारं कळतं. स्टॅबिलिटी चेंबर नसेल तर डेसिकेटरच्या (हवाबंद झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या) तळाशी मिठाचा संपृक्त चिखल कर आणि तो ओव्हनमध्ये ठेव. साधं मीठ त्या तापमानाला 75 टक्क्यांच्या जवळ आर्द्रता धरतं. तळाशी न विरघळलेलं मीठ कायम दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर आकडा ढळतो. आपल्याकडे लोडशेडिंग असतंच, म्हणून ओव्हनमध्ये कमाल-किमान थर्मामीटर ठेव आणि वीज गेल्याच्या वेळा वहीत लिही. कोणी विचारलं तर लाज वाटायचं कारण नाही, लिहिलेलं नसेल तर मात्र आहे. आणि 'रूम टेंपरेचर'चे नमुने पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस. मे महिन्यात तिथं 42 अंश असतात, म्हणजे रूम कुठली आणि ॲक्सिलरेटेड (मुद्दाम 40 अंशांत ठेवलेलं) कुठलं हेच कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मिश्रणाच्या कुठल्याच कोरड्या चाचणीत दिसत नाही. धावड्याच्या डिंकात ग्लुक्युरॉनिक ॲसिड असतं, बऱ्याच अंशी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मिठाच्या रूपात. म्हणजे त्याच्या साखळीवर ऋण भार. प्रोप्रॅनोलॉलचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) 9.5 च्या आसपास, म्हणजे पोटापासून आतड्यापर्यंत त्याच्यावर धन भार. दोघं पाण्यात भेटले की एकमेकांना धरणार. औषध बिघडत नाही, पण सुटतही नाही. हे वाईटच असं नाही. कित्येकदा याच बंधामुळं गोळी 8 ऐवजी 12 तास पुरते, आणि श्रेय फुगण्याला दिलं जातं. पण तो आहे की नाही हे तुला माहीत पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असतं तर मी आधी त्या कॅल्शियमचीच चौकशी केली असती, कारण ती औषधं त्याला घट्ट बिलगतात.

बघायचं कसं? पहिलं अगदी साधं: दोन्हींची 1 टक्का द्रावणं गाळून स्वच्छ कर, एकत्र ओत, मागं काळा कागद धर. गढूळ झालं किंवा धागे पडले तर बंध आहे. गढूळ झालं नाही म्हणून बंध नाही असं मात्र नाही. म्हणून डायलिसिसची पिशवी, 12 ते 14 हजार डाल्टनची, म्हणजे औषधाचे लहान रेणू जाऊ देणारी आणि डिंक अडवणारी. आत डिंक आणि औषध, बाहेर द्रावण. किती औषध बाहेर येतं ते तासातासाला मोज. इथं यूव्ही चालतो, कारण प्रश्न बिघाडाचा नाही. शेजारी डिंकाशिवायची पिशवी ठेव, नाहीतर पिशवीचाच अडसर डिंकाच्या नावावर जाईल. एकदा 0.1 नॉर्मल ॲसिडमध्ये कर, एकदा पाण्यात, एकदा 6.8 पीएचच्या बफरमध्ये (पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणात), आणि एकदा पाण्यात मीठ घालून. ॲसिडमध्ये डिंकाचा ऋण भार झाकला जातो, तिथं औषध मोकळं सुटलं आणि पाण्यात अडलं तर बंध भारांचाच. मीठ घातल्यावर अडकलेलं औषध सुटलं तर शंकाच उरली नाही. बफरमध्येही क्षार असतातच, म्हणून 6.8 चा आकडा पाण्याइतका ठळक येणार नाही, गोंधळू नकोस.

डिंक आणलास कुठून, हे मी शेवटी विचारतोय, पण खरं तर पहिला प्रश्न हाच होता. आठवडी बाजारातला 'धावडा' हा लाडवाला चांगला, प्रबंधाला नाही. जंगलातून गोळा होऊन व्यापाऱ्याकडे येईपर्यंत त्यात बाभूळ, सालई, कुलू काहीही मिसळलेलं असतं. कुलूचा भाग रुथेनियम रेड या रंगद्रव्यानं गुलाबी होतो आणि पाण्यात विरघळण्याऐवजी फुगून बसतो. बाभळीच्या जातीच्या डिंकांत ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं आणि ते मॉर्फीन, फिनॉल, थायमॉल, व्हॅनिलिन अशा सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या पदार्थांना बिघडवतं. 100 अंशांवर थोडा वेळ तापवलं की ते निकामी होतं. नुसत्या अल्कोहोलनं खाली बसवल्यानं ते गेलं असं धरून चालू नकोस. आणि डिंकाला चिकटून आलेली साल. धावड्याची पानं चामडं कमवायला वापरत, एवढं टॅनिन त्या झाडात आहे. टॅनिन अमीनवाल्या औषधांशी मिळून साका (गाळ) करतं. फेरिक क्लोराइडनं डिंकाचं द्रावण काळपट-हिरवं झालं तर तो लॉट बाजूला ठेव. मग जो चांगला निघेल तो किलोभर एकदमच घे, स्वतः गोट्या निवड, सालीचे तुकडे चिमट्यानं काढ, आणि सगळं काम त्याच एका लॉटवर कर. अर्धं काम एका डिंकावर आणि अर्धं दुसऱ्यावर झालेले प्रबंध मी तपासले आहेत. आकडे जुळत नाहीत आणि मुलाला शेवटपर्यंत कळत नाही का.

डीएससीच्या आलेखाखाली सध्या एवढंच लिही: 'शिखराचं क्षेत्रफळ घटलेलं आढळलं; घट मिश्रणातल्या प्रमाणापेक्षा अधिक आहे; ओलसर ताण चाचणीनं पडताळणी चालू.' गाईडना हे पटेल. त्यांनी चिडून विचारलंच की 3 आठवडे कशाला घालवतेस, तर सांग, ओव्हनला घालवायचे आहेत, तोवर मी डायलिसिसच्या पिशव्या बांधते. वायलींवर मार्करनं लिहू नकोस, 50 अंशांत शाई उडते. कागदाची पट्टी पेन्सिलनं लिहून वर सेलोटेप लाव.